साकवाची पाहणी

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे, दुसऱ्याच एका जंगलात, एक ओढा होता. आता उगाच नावं लावत बसू नका. ज्याला नावं लावायची सवय असते, त्याला गोष्टीतली मजा कळत नाही. मांडी घालून बसा आणि ऐका.

ओढ्यावर एक साकव होता. साकव म्हणजे काय, तर अर्जुनाचं एक जुनं झाड केव्हातरी आडवं पडलं होतं. त्याचा बुंधा या काठाला, शेंडा त्या काठाला. कोणी बांधला नाही, कोणी उद्घाटन केलं नाही. त्यामुळे तो पुष्कळ वर्षं टिकला.

मग जंगलात परिषद स्थापन झाली.

परिषद फार चांगली होती. तिथे कोणालाही सभासद होता येत असे. वाघ, ससा, मुंगी, काही भेदभाव नाही. अट एवढीच, की सभेला हजर राहायचं. सभा सावरीच्या शेंड्यावर भरत असे. सावरीचं झाड तुम्ही पाहिलं आहे ना? अंगावर काटे, खाली फांदी नाही, उंची ताडमाड. पहिल्या सभेला रानडुक्कर गेला होता. बुंध्याला अंग घासून परत आला. ‘गैरहजर’ अशी त्याची नोंद झाली.

अशा रीतीने परिषदेत सगळे पक्षी निवडून आले. अध्यक्ष झाले ढोकनाना. ढोक म्हणजे बगळ्यासारखा पक्षी. लांब पाय, लांब चोच, मान खाली घालून विचार करण्याची सवय. सभासदांत पोपट जास्त होते. ते ‘अनुमोदन’ हा शब्द फार स्वच्छ उच्चारीत.

ही परिषद साकवाची देखरेख करू लागली. ज्यांना साकवाची कधी गरज पडत नाही, त्यांनीच साकवाकडे बघावं, म्हणजे स्वार्थ आड येत नाही, असं ढोकनानांचं म्हणणं होतं. पटण्यासारखं आहे. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं होतं.

आता एक मेख सांगतो. ती नीट ध्यानात ठेवा.

पूर्वी पाहणीला पाठवलेले पक्षी वाटेतच बोरं खात बसत आणि ‘साकव पाहिला, उत्तम आहे’ असं येऊन सांगत. ढोकनाना सुधारक वृत्तीचे. त्यांनी नियम केला, की पाहणी झाल्याची खूण साकवावर दिसलीच पाहिजे. त्यासाठी सुतार पक्ष्याची पाहणी अधिकारी म्हणून नेमणूक केली. सुतारभाऊ प्रामाणिक होता. तो साकवावर जायचा, चोचीने ठोकायचा आणि एक भोक पाडून यायचा. भोक दिसलं, की पाहणी झाली. लबाडीला वावच नाही.

तक्रार साधी असेल तर लहान भोक. तक्रार गंभीर असेल तर खोल भोक.

या जंगलात ओढ्याच्या अलीकडे साळूबाई राहत होती. साळू म्हणजे साळिंदर, अंगावर काटे असतात ती. तिला दोन पिल्लं होती, अजून काटे पुरते ताठ न झालेली. बीळ अलीकडे आणि कंद पलीकडे, असा तिचा संसार. रोज साकवावरून जायचं, पोटभर उकरायचं, तोंडात धरून पिल्लांसाठी आणायचं. स्वभावाने ती काही गरीब गाय नव्हती. शेजारणीशी तिचं कधी पटलं नाही आणि रानडुकराशी तर कंदांवरून कायमचं वाकडं. पण पिल्लांवर जीव टाकायची.

एकदा पावसाच्या तोंडाला तिला साकव पायाखाली हललासा वाटला. थोडासाच हलला. पण खाली पाणी, घरी पिल्लं.

तिने सावरीखाली जाऊन हाका मारल्या. शेंड्यापर्यंत काही पोचेना. तेव्हा तिने वानराला गाठलं. वानर हा जंगलातला कार्यकर्ता. त्याला वरही जाता येई आणि खालीही येता येई, त्यामुळे तो दोन्हीकडे खाई.

‘वानरभाऊ, साकव हालतोय म्हनावं नानांस्नी. तेवढा टेकू लावून द्या.’

‘झालंच समज, साळूवैनी. नानांचा आपल्यावर लोभ आहे. तो कंद घेऊ का? वर चढायला ताकद लागते.’

वानर वर गेला. सभेत साळूबाईची तक्रार मांडली गेली. ढोकनानांनी मान खाली घालून विचार केला आणि म्हणाले, ‘तातडीने पाहणी करा.’

‘अनुमोदन,’ पोपट म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतारभाऊ आला. ठक ठक ठक. एक छानसं भोक पाडून गेला. अहवाल दिला, की लाकूड टणक आहे, चोच दुखली.

पाऊस लागला. भोकात पाणी साठलं. लाकूड मऊ पडलं आणि साकव आधीपेक्षा जास्त हलू लागला. साळूबाईने पुन्हा तक्रार केली. पुन्हा पाहणी झाली. तक्रार दुसऱ्यांदा आली म्हणून भोक खोल पाडलं. ते खरंच पाडलं की नाही, हे बघायला परिषदेने तांबट पक्ष्याला पाठवलं. त्याने शेजारी आपलं भोक पाडलं. तांबटावर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न एका पोपटाने काढला. प्रश्न रास्त होता. मग दोघांनी मिळून संयुक्त पाहणी केली.

तुम्ही हसताय. हसू नका. यात एकानेही कामचुकारपणा केला नाही. एवढी कामसू परिषद मी दुसरी पाहिली नाही.

साळूबाई आता भोकं चुकवत, एकेक पाय चाचपत साकव ओलांडू लागली. अखेर तिने वानराला सांगितलं, ‘त्या नानांनाच एकदा घेऊन या. डोळ्यांनी बघू दे.’

ढोकनाना आले. मोठ्या मनाचे होते, खरंच आले. सोबत पोपटांचं शिष्टमंडळ आलं. साळूबाई काठावर उभी होती. पावसाने भिजलेली, तोंडावर चिखल, पण पदर खोचल्यासारखी तयारीत.

ढोकनाना साकवाच्या मधोमध उतरले आणि एका पायावर उभे राहिले.

‘हलत नाही,’ ते म्हणाले.

‘आवो नाना, तुमी हुबं ऱ्हायलाय. जरा चाला की.’

‘पाहणी करणाऱ्याने साकव वापरू नये, बाई. निष्पक्षपणा जातो.’

‘मग माज्या पाठीमागनं चाला. म्या चालते, तुमी बगा.’

‘तुम्ही तक्रारदार. तुम्ही मुद्दाम हलवाल.’

साळूबाईचे काटे उभे राहिले. ती म्हणाली, ‘बरं, ऱ्हाऊ द्या टेकू. पन ती भोकं पाडू नका. हात जोडते. भोकांनीच चाळन झालीया त्याची.’

ढोकनानांना वाईट वाटलं. ते समजावण्याच्या सुरात म्हणाले, ‘म्हणजे पाहणी नको म्हणता? असं कसं? पाहणी नको असेल तर तक्रार मागे घ्या.’

‘घेतली.’

‘कोणाच्या दबावाखाली घेतली का, याची चौकशी करावी लागेल.’

सुतारभाऊ पुढे झाला. ठक ठक ठक.

‘अनुमोदन,’ शिष्टमंडळ म्हणालं आणि उडून गेलं.

त्यानंतर साळूबाईने तोंड उघडलं नाही. पण व्हायचं ते झालंच. ओढ्याला लाल पाणी आलं होतं. साळूबाई पलीकडून कंद घेऊन परत निघाली होती. तिच्या पुढे रानडुक्कर होता. पहिला मान कोणाचा यावरून दोघांची काठावर बाचाबाची झाली होती आणि नेहमीप्रमाणे तो घुसला होता. तो मधोमध आला, तेव्हा साकवाच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत एक चीर गेली. मग तिसऱ्यापर्यंत गेली. मग काड्‌कन आवाज झाला आणि साकव दुभंगला.

रानडुक्कर पाण्यात पडला. गटांगळ्या खात, शिव्या देत, तो कसाबसा अलीकडच्या काठाला लागला. साळूबाई पलीकडेच राहिली. तोंडातला कंद गळून पडला.

तिने हंबरडा फोडला. आणि मुलांनो, तीच तिची चूक झाली. कारण आईचा आवाज ऐकून दोन्ही पिल्लं बिळातून बाहेर आली आणि थेट पाण्याच्या दिशेने धावत सुटली.

‘मागं फिरा! बिळात जावा! आरं मागं फिरा!’

पिल्लांना शब्द कुठले कळतात? त्यांना आईचा आवाज कळत होता. ती जितकी ओरडे, तितकी पिल्लं पुढे येत. ती गप्प बसली, तर घाबरून आणखी पुढे येत. काठ मऊ झाला होता, त्याची ढेकळं सुटून पाण्यात पडत होती. साळूबाईला काय वाटलं असेल ते मला सांगता येत नाही. तुमच्या आईला विचारा.

एवढ्यात आवाज ऐकून ढोकनाना वर घिरट्या घालू लागले.

‘नाना!’ साळूबाई ओरडली. ‘खाली उतरा! नुस्ते पंख पसरून हुबं ऱ्हावा पोरांम्होरं. भिऊन मागं फिरतील!’

ढोकनानांनी ऐकलं. त्यांचं मन कळवळलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पण ते नियमाचे पक्के होते.

‘ओढ्याचा काठ साकवात मोडत नाही, बाई,’ ते वरून म्हणाले. ‘तरी मी विषय आजच्याच सभेत घेतो.’

आणि खरोखरच ते तातडीने सभेला गेले.

पिल्लं कडेला आली. पहिल्याचा पाय घसरला.

तेव्हा चिखलात धापा टाकत पडलेला रानडुक्कर उठला. त्याचं आणि साळूबाईचं वाकडं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. नियम त्याला एकही माहीत नव्हता. तो घुरघुरत आडवा आला आणि नाकाने ढोसून त्याने पहिल्याला मागे लोटलं, मग दुसऱ्याला. पिल्लांनी घाबरून होते नव्हते तेवढे काटे त्याच्या नाकात घातले. तो केकाटला, पण त्यांना बिळापर्यंत ढकलत नेलं आणि बिळाच्या तोंडाशी आडवा होऊन बसून राहिला.

साळूबाई ओढ्याच्या काठाकाठाने वर निघाली. जिथे ओढा उगम पावतो आणि नुसती ओल असते, तिथपर्यंत डोंगर चढून गेली आणि दुसऱ्या बाजूने उतरून आली. घरी पोचली तेव्हा तिच्या पायांची सालटं निघाली होती. तिने पिल्लांना जवळ घेतलं. मग रानडुकराच्या नाकातले काटे दातांनी एकेक करून काढले.

तिकडे सावरीच्या शेंड्यावर सभा रंगली होती. साळूबाईला बाजू मांडायला बोलावलं होतं. ती आली नाही म्हणून काम पुढे चालू झालं.

ढोकनाना म्हणाले, ‘साकव का मोडला? भोकांमुळे मोडला. भोकं का पडली? पाहण्यांमुळे पडली. पाहण्या का झाल्या? तक्रारींमुळे झाल्या. तक्रारी कोणी केल्या?’

वानर म्हणाला, ‘साळूवैनींनी.’ त्याला वाईट वाटलं, पण खरं ते खरंच.

‘म्हणजे,’ ढोकनाना मान खाली घालून म्हणाले, ‘या बाईंनी तक्रार केली नसती, तर साकव आज उभा असता.’

आणि मुलांनो, पंचाईत अशी, की यात एक शब्दही खोटा नव्हता.

ठराव बिनविरोध झाला. साळूबाईला समज देण्यात आली. साकव मोडल्यामुळे साकव मोडण्याचा धोका कायमचा टळला, याबद्दल परिषदेने स्वतःचं अभिनंदन केलं. सुतारभाऊला बढती मिळाली. आता तो बिळांची पाहणी करतो म्हणे.

त्यानंतर परिषदेकडे साकवाची एकही तक्रार आली नाही. शेजारच्या जंगलांतले पक्षी ही परिषद बघायला येऊ लागले. वानर मधूनमधून खाली चक्कर टाकतो.

‘काय साळूवैनी, हल्ली पलीकडे कशा जाता?’

‘कुटं जातोय? उपाशीच हाय आमी.’

‘मग काही तक्रार?’

‘छ्या! काय बी न्हाई.’

वानर तिच्या पिल्लांकडे बघतो. पिल्लं चांगली गुबगुबीत झाली आहेत. वानर शहाणा आहे. तो वर जाऊन सांगतो, की जनता उपाशी आहे पण समाधानी आहे. वर सगळ्यांना बरं वाटतं.

आता मी जे सांगतो ते इथेच ठेवायचं. घराबाहेर न्यायचं नाही.

ओढ्याच्या खालच्या अंगाला बांबूचं एक बेट आहे. इतकं दाट, की वरून पाहिलं तर नुसता हिरवा ढीग दिसतो. त्याच्या आत एक जांभळीचा ओंडका या काठापासून त्या काठापर्यंत आडवा टाकलेला आहे. रानडुकराने तो रेटत आणला आणि साळूबाईने दोन्ही टोकांशी उकरून तो पक्का बसवला. ससे जातात, मुंगसं जातात, भेकरं जातात. पुढे कोणी जायचं यावरून साळूबाई आणि रानडुक्कर रोज भांडतात, पण हळू आवाजात. एखादा पोपट वरून उडताना दिसला, की सगळे ओंडक्यावर जागच्या जागी थांबतात आणि आपण कोणी नाहीच असं दाखवतात.

ओंडका अजून शाबूत आहे. त्याला एकही भोक नाही.

कुठलं बेट, असं मला विचारू नका. मी सांगणार नाही.

तात्पर्य: सार्वजनिक सोय मोडकळीला आली असेल तर वर कळवू नये, लवकर मोडते. धडधाकट असेल तर मुळीच कळवू नये.