तिसऱ्या वर्षाच्या भूगोलाचे सहा शिक्षक

शिक्षणाचा पाया शिक्षकाच्या हजेरीवर नव्हे, तर त्याची गैरहजेरी किती रीतसर आहे यावर उभा असतो. न सांगता घरी बसला तो कामचुकार, अर्ज करून बसला तो रजेवर. या बाबतीत आमच्या कोलोनिया बेरमेहा गावच्या सरकारी हायस्कूलचा हात धरणारी शाळा अख्ख्या अर्जेंटिनात नाही, हे मी शाळेचा कारकून या नात्याने अभिमानाने नमूद करतो.

तिसऱ्या वर्षाचा भूगोलच घ्या. हा विषय एवारिस्तो किंतेरोस सरांच्या नावावर आहे. सर फार पूर्वी राजधानीत शिक्षकांच्या गैरहजेरीचा अभ्यास करायला गेले, तो अजून चालू आहे. त्यांच्या जागी आलेल्या बाई संघटनेत निवडून आल्या आणि शिक्षकांच्या हक्कांसाठी झटत असल्यामुळे शिकवू शकत नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या सरांचा घसा बसला. (डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. गाण्याबद्दल ते काही म्हणालेले नाहीत, म्हणून दर शनिवारी सर गिटार घेऊन जत्रेत गातात.) चौथ्या बाई 'वर्ग कसा सांभाळावा' या प्रशिक्षणाला गेल्या. तिथे त्या दरवर्षी पहिल्या येतात, म्हणून त्यांना पुन्हा बोलावतात. पाचवे सर या चौथ्या बाईंचे यजमान. बाईंची फार आठवण येते म्हणून ते मानसिक विश्रांतीच्या रजेवर आहेत. आणि सहाव्या नोएमी बारुत्सी.

नोएमीबाई शिकवतात. (ही पद्धत शाळेला नवीन असल्याने सुरुवातीला थोडी कुजबुज झाली.)

अभ्यासक्रमाविषयी दोन शब्द. नवा शिक्षक पहिल्या धड्यापासून सुरू करतो आणि पहिला धडा 'पृथ्वी गोल आहे' हा आहे. त्यामुळे आमच्या गावात तरुण काय, म्हातारे काय, पृथ्वीच्या गोलपणाबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. त्यापुढच्या सगळ्या गोष्टींवर मतभेद आहेत. नोएमीबाईंनी मात्र वर्ग डोंगर ओलांडून नद्यांपर्यंत आणला, आणि नद्यांवरून पुढे थेट समुद्रावर नेला.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच बाईंनी लग्न ठरवलं.

नवरामुलगा रूबेन कापणीयंत्र चालवतो. उन्हाळ्यात गहू, मग सोयाबीन, असा तो सगळा हंगाम रानोमाळ असतो आणि थंडीतच, म्हणजे आमच्याकडे जून ते ऑगस्टमध्ये, हाती लागतो. जुलैच्या सुट्टीत लग्न उरकायला हरकत नव्हती, पण तेव्हा नोंदणी कचेरीतला अधिकारी रजेवर असतो आणि त्याच्या बदली येणाराही. उरला ऑगस्ट. नोएमीबाईंनी लग्नाची हक्काची दहा दिवसांची रजा मागितली. लग्न करून त्यांना समुद्र बघायला जायचं होतं.

इथे नियम आड आला. वर्ग रिकामा राहिला तर आधीच्या शिक्षकाने हजर व्हावं, तो नसेल तर त्याच्या आधीच्याने. नवा बदली शिक्षक मागवावा, तर जिल्ह्यातले भूगोलाचे शिक्षक संपले होते. सगळे आमच्याकडेच रजेवर होते.

बातमी फुटताच पाचही जण धावत शाळेत आले. मुलांना वाटलं, तपासणी आहे. संघटनेच्या बाई मधाची बरणी घेऊन आल्या होत्या. घसा बसलेल्या सरांनी रजेचे तोटे गाऊन सांगितले. पाचवे सर चौथ्या बाईंना शाळेत बघून इतके भारावले, की त्यांची विश्रांती धोक्यात आली. प्रेम करावं, पण हंगाम बघून करावं, असं सर्वानुमते ठरलं. एवारिस्तो सरांनी तर भिंतीवरचा नकाशा उतरवून नोएमीबाईंसमोर पसरला.

"अगं पोरी, एवढ्या लांब कशाला जातेस? हा बघ समुद्र. तिथेही निळाच आहे."

नोएमीबाईंनी नकाशाची निघालेली कड नीट चिकटवली. मग मुख्याध्यापिका इल्दा साप्पोनी यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "बाई, सहा वर्षं मी पोरांना सांगतेय, समुद्राला भरती येते. खरंच येते का, तेवढं बघून येऊ दे."

इल्दाबाईंनी माते, म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, ओतला, नळीने एक लांब घोट घेतला आणि इथे समुद्र कोणी पाहिलाय, असं विचारलं. मी बावळटासारखा हात वर केला. लहानपणी मावसभावाचं अपेंडिक्स काढायचं होतं म्हणून आम्ही मार देल प्लाताला गेलो होतो, आणि दवाखान्याच्या खिडकीतून थोडासा दिसला होता. वर्ग सांभाळायला ही पात्रता पुरेशी ठरली. एवारिस्तो सरांनी मला मिठी मारली आणि पुढची बस पकडून ते अभ्यासाला निघून गेले.

नोएमीबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या एका मुलीच्या फोनवर आवाज पाठवला. आधी बराच वेळ नुसता वारा, मग लाटा, मग बाई म्हणाल्या, "पोरांनो, येते." वर्गाने तो चारदा ऐकला. खरं सांगतो, पाचव्यांदा मीच लावायला सांगितला.

त्यानंतर त्यांनी रजा वाढवून घेतली. ओहोटी बघायची राहिली आहे म्हणे. त्यांना परत बोलवायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा मी शिकवतो आहे. सुरुवात अर्थातच पहिल्या धड्यापासून केली. पण खुर्चीची सवय झालेल्या माणसाला फळ्यापुढे उभं राहणं झेपत नाही आणि कालपासून माझी कंबर धरली आहे. रजेचा अर्ज केला, तो मंजूरही झाला.

माझ्या जागी येणाऱ्याला अटी दोनच: वाचता यावं आणि हाताशी रिकामा वेळ असावा. आपण इथवर वाचत आलात, मध्ये कुठे उठला नाहीत, कंबरही ठीक दिसते. तुमचं नाव इल्दाबाईंना कळवलं आहे. सोमवारी सकाळी पावणेआठला या, वरच्या मजल्यावर उजवीकडचा वर्ग. खडू घरून आणा. मुलांना पृथ्वी गोल आहे एवढं पाठ आहे, पुढचं तुम्ही बघा.