खुर्चीत अडकलेला निरोप

"एमिल, तू चांगला मुलगा आहेस. फक्त तोंड उघडत जाऊ नकोस!"

बेरमेतला मागणी घालायला गेलो तेव्हा तिचे वडील काचकिनबाय हे म्हणाले होते. त्यावर कितीतरी बर्फ पडून वितळलं, पण तो घोगरा आवाज कानातून काही जात नाही. आणि ज्या पहाटे ते गेले, नेमकं त्याच दिवशी मी त्यांना खोटं पाडायचं ठरवलं!

काम सरळ होतं. सासऱ्यांचे धाकटे भाऊ सोवेतबेककाका राष्ट्रीय उद्यानातल्या आमच्या स्की-रिसॉर्टची तारेवरच्या खुर्च्यांची लिफ्ट डोंगरमाथ्यावरून चालवायचे आणि तिथल्याच खोपटात राहायचे. दुपारच्या नमाजानंतर माती होती. त्याआधी काकांना बातमी सांगून खाली आणायचं. आमच्याकडे मयत झालं की घरचे मुलगे दारात काठीवर वाकून रडतात. जावई पाणी भरतो, मेंढी कापतो, निरोप पोचवतो. आता मी धंद्याने स्कीचे बूट भाड्याने देणारा. बोटं चेचणारा बूट बिश्केकच्या गिऱ्हाइकाच्या पायात गोड बोलून घालावा तर मीच! मरणाची बातमी म्हणजे तरी काय, जरा घट्ट बूटच की!

"वर फोन करू का?" मी विचारलं.

बेरमेत रडायची थांबली. "मरण फोनवर सांगतात? लाज आहे का! वडीलधाऱ्यांना घेऊन जा. ओरोझालीआजोबा रीतीप्रमाणे गाण्यातून सांगतील, हळूहळू. तुम्ही त्यांना फक्त खुर्चीत बसवा. बोलू नका."

मग काय, ओरोझालीआजोबा आणि त्यांचे मेहुणे, दोघे दाबलेल्या लोकरीच्या उंच पांढऱ्या टोप्या घालून लिफ्टपाशी हजर. आजोबा चालायला शिकायच्या आधी घोड्यावर बसलेले, पण लिफ्टची खुर्ची मागून गुडघ्याला लागताच त्यांनी तिला काठी हाणली! कसाबसा त्यांना कवेत घेऊन बसलो. मागच्या खुर्चीत मेहुण्यांच्या शेजारी जागा रिकामी होती. उद्यानाचा रक्षक तुर्दाकुन गस्तीला वर निघाला होता, तो गणवेशासकट तिथे बसला. त्याच्या मागे एक रशियन जोडपं.

माथा हाकेवर आला आणि लिफ्ट खाड्कन थांबली. खुर्च्या पाळण्यासारख्या झुलायला लागल्या. वरच्या कर्ण्यातून काकांचा आवाज खरखरला.

"तुर्दाकुन! दोन म्हातारे साक्षीला आणलेस काय रे? ते जुनिपरचं झाड मी तोडलेलं नाही! आपण होऊन पडलं!"

"काका, झाडाचं कोण विचारतंय!" तुर्दाकुन ओरडला.

"म्हणजे तुला ठाऊक आहे! बरं, दोन तोडली! थंडीने मरू का?"

खाली दरी आ वासून बसलेली. वारा असा, की नाकातलं पाणी नाकातच थिजलं. आजोबांनी टोपी सावरली, घसा खाकरला आणि सूर लावला:

"कळपातला पांढरा घोडा खिंड ओलांडून गेला,
लगाम राहिला खुंटीला, वारा त्यावर स्वार झाला..."

रशियन जोडप्याने टाळ्या वाजवल्या! बाईने मोबाईल काढला. "फार सुंदर! अजून एक!"

"अजून एक म्हणाच," मेहुण्यांचे दात वाजत होते. "पुढचं माझंच म्हणा. इथेच गोठतोय मी!"

"आजोबा, मी ओरडून सांगून टाकू?"

"बटाटे विकतोयस? मरण ओरडून सांगतात होय?"

आजोबा पुन्हा गायले. वाऱ्याने शब्द तोंडातूनच पळवले. तिसऱ्यांदा सूर निघालाच नाही. मिशीवर बर्फ जमलं होतं. सूर्य समोरचा कडा चढून वर आला. खाली गावात आता आंघोळ घातली असेल, पांढऱ्या कापडात गुंडाळलं असेल. बेरमेत वाटेकडे बघत असेल. भावाच्या हातची मूठभर माती मिळाली नाही, तर सासरे तसेच एकटे जाणार.

मग मात्र माझं तोंड उघडलंच.

"काका! अजून उशीर झाला तर तुमच्याशिवाय होईल!"

आजोबांची काठी टाळक्यात बसली. "मूर्खा! सांगितलंसच ना!"

काही व्हायचं नाही, कोणी कुठे पोचायचं नाही, अशी एक मोठी थांबलेली घटका गेली. मग तारेला हिसका बसला आणि खुर्च्या चालू लागल्या.

वर काका दारात उभे होते. अंगात काळा कोट, कमरेला पट्टा आवळून बांधलेला, मातीला जाताना बांधतात तसा. आजोबांनी "कळपातला..." म्हणून पुन्हा सुरुवात केली. काकांनी त्यांचे गारठलेले हात आपल्या हातात घेऊन चोळले.

"राहू द्या, आजोबा. दादा रोज पहाटे खालून फोन करायचा. वर वारा आहे का, एवढंच विचारायचा. आज फोन वाजला नाही."

"मग ती झाडं?" तुर्दाकुनने कसंबसं विचारलं.

"ती खरंच तोडलीत. पाच."

मेहुणे भडकले. "अरे, सगळं ठाऊक होतं, तर आम्हाला दरीवर टांगून कशाला ठेवलंस?"

काकांनी खोपटाचं दार ओढून घेतलं. बराच वेळ त्यांना कडीच सापडेना.

"वर आला असतात तर सांगितलं असतंत," ते म्हणाले. "तुम्ही टांगलेले होतात तोवर दादा होता."