वेलदोड्याचा वास

रसिकाचं बाळ सव्वा महिन्याचं झालं, तरी पोट भरल्यावरही आईला सोडायला तयार नव्हतं. नुसतं चोखत पडायचं. भोपाळच्या अवधपुरीतल्या त्या घरात रसिकाने गरम पोळी खाल्ल्याला महिना उलटला होता. शेवटी तिचा नवरा ओंकार हबीबगंजहून बाळाला चोखायला रबरी चुसनी घेऊन आला.

रसिका घाबरली. पहिले पंधरा दिवस बाळाला नीट पिताच येत नव्हतं, आत्ता कुठे जमलं होतं. चुसनीच्या नादाने ते पुन्हा बिघडलं तर? डॉक्टरांना विचारलं. "आता जमलंय ना? मग द्यायला हरकत नाही. पण तुम्ही ठरवा," ते म्हणाले. त्या शेवटच्या वाक्याने तिची उरलीसुरली झोपही गेली.

सासूबाईंचं मात्र ठरलेलं होतं. "ओंकारला मी असलं काही दाखवलंसुद्धा नाही. तोंडाला एकदा सवय लागली की सुटत नाही गं," असं म्हणून सुलभाताईंनी जरीच्या बटव्यातून सुपारीचं खांड काढलं आणि डाव्या गालात सरकवलं. चौक बाजारातून घेतलेला तो भोपाळी बटवा चाळीस वर्षं त्यांच्या कमरेला होता. चुसनीही त्यांनी जप्त केली.

आणि काय नवल! दुसऱ्या दिवसापासून बाळ दुपारी आजीच्या मांडीवर गपगार झोपू लागलं. रसिका सावकाश अंघोळ करू लागली.

"आई, काय जादू करता हो?"

"अनुभव लागतो बाई."

फक्त बाळाच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येऊ लागला. रसिकाने खिरीतला वेलदोडा बंद केला. मग लाडवातला. मग ओंकारच्या चहातलाही गेला.

"माझा चहा कोण पितंय, मी का तो?" ओंकार कुरकुरला.

"आईचं खाणं दुधात उतरतंच," सुलभाताई शांतपणे म्हणाल्या.

आठवड्याने शेजारच्या कांचनताई बाळाला बघायला आल्या. मूळच्या नागपूरच्या.

"चुसनीगिसनी नाही ना देऊन राहिले, सुलभाताई?"

"आमच्या घरात? नाव काढू नकोस! घे, सुपारी घे," म्हणत सुलभाताईंनी न बघताच बटव्यात बोटं घातली आणि कांचनताईंच्या तळहातावर चुसनी ठेवली.

"अगं बाप्पा! अन् ही तर ओली हाय!"

रसिकाने ती उचलून हुंगली: वेलदोड्याचा वास! बाळ ओळखीच्या वस्तूकडे बघून तोंड हलवू लागलं.

"किती दिवस, आई?" रसिकाने विचारलं.

"आठ. पण रोज उकळते हं मी!"

"आणि उकळून बटव्यात ठेवता?"

सुलभाताईंनी पदर सावरला. रसिका मनात मोजत होती. आठ दिवस बाळ तिच्याकडे पहिल्यासारखंच पीत होतं. जे ठरवताना तिची झोप उडाली होती, ते सासूबाईंनी परस्पर ठरवून, करून, पचवलंही होतं.

"राहू दे चुसनी," ती हसून म्हणाली. "पण डबीत. आणि एक अट. तोंडाची सवय सुटत नाही म्हणता ना? मग ज्या दिवशी याची चुसनी सुटेल, त्या दिवशी तुमची सुपारी."

"कबूल! चार वर्षं तरी बघायला नको," सुलभाताई म्हणाल्या.

सातव्या महिन्यात बाळाने चुसनी थू करून पलंगाखाली फेकली, ती कायमची. तेव्हापासून रोज दुपारी, रसिका अंघोळीला गेली की, सुलभाताई ती उकळून नातवापुढे धरतात.

"घे रे राजा, आजीसाठी घे. थोडे दिवस तरी!"