नेद्यालकाचे गुलाब आणि माझी भुरी

नेद्यालकाच्या गुलाबांवर एकही डाग पडू द्यायचा नाही, असं मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केलं होतं. जाहीर केलं म्हणजे शेजारच्या पेन्कोदादाला सांगितलं. त्याला सांगितलं की पार कार्लोवोच्या बाजारापर्यंत पोचतं.

नेद्यालका माझी बायको. ती इटलीत, बोलोन्याला, एका म्हातारीची देखभाल करते. वर्षातून एकदाच घरी येते, जूनमध्ये, गुलाब फुलले की. बाकी वर्षभर मी, गुलाब आणि फोन. फोनवर ती आधी गुलाबांची चौकशी करते, मग माझी.

"पाणी मुळाशी घाल, पानं भिजवू नकोस. गळलेलं पान लगेच उचल. फांद्या दाटू देऊ नकोस, आत वारा खेळला पाहिजे."

मला हे सगळं पाठ आहे. तरी मी पुन्हा विचारतो. तेवढाच आवाज कानावर पडतो.

पेन्कोदादा म्हणाला, "पानांवर ती पांढरी बुरशी, भुरी, येऊ नये म्हणून दूध फवार. पण थोडंसंच, भरपूर पाण्यात."

मी म्हटलं, बायकोच्या झाडांना पाणी घातलेलं दूध? त्याच्याच शेळीचं दाट दूध पंपात भरलं आणि एकूण एक झाड न्हाऊ घातलं.

दुपारपर्यंत पानांवर साय धरली. उन्हं उतरली तशी गावातली मांजरं आली आणि पंगतीला बसावं तशी ओळीनं बसली. पान चाटायचं, काटा टोचला की केकाटायचं, पुन्हा चाटायचं. मी झाडू घेऊन धावतोय तोच फोन वाजला. उचलला, तर समोर नेद्यालकाचा चेहरा.

"जरा बाजूला हो. मागे पांढरं काय दिसतंय?"

"दूध."

"स्पास, मला भुरी ओळखता येत नाही का?"

"अगं, खरंच दूध आहे. ही मांजरं बघ."

"मांजरं दाखवून विषय बदलू नकोस. पानांवर पाणी मारलंस ना?"

मी शपथ घेतली. तिनं रजा घेतली.

शनिवारी ती बसमधून उतरली. मी दाढी करून, चीज भरलेली बनित्सा भाजून तयार होतो. ती माझ्या गालावर ओठ टेकवून सरळ गुलाबांकडे गेली. तोवर दूध नासून त्यावर काळी बुरशी चढली होती.

"हे दूध आहे?"

"होतं."

मग कात्री चालली. पानं गेली, फांद्या गेल्या, टपोऱ्या कळ्यासुद्धा गेल्या. मी पोतं धरून तिच्या मागे मागे. ती बोलत होती ती झाडांशी, पण माझ्या अंगणात बोलत होती. मला तेवढं पुरे होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या ओरखडलेल्या हातांना मलम लावत होतो. ती निचऱ्याबद्दल काहीतरी सांगत होती. वाक्य अर्धं राहिलं आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हात बधिर झाला, तरी मी हललो नाही.

रजा संपलेली असल्यामुळे तिला जूनमध्ये येता आलं नाही. गुलाब उशिरा फुलले. मी एकेक फूल फोनवर दाखवलं. वास काही दाखवता आला नाही.

या वर्षी मात्र मी शहाण्यासारखा वागलो. पाणी सकाळी, मुळाशी. गळलेली पानं रोज उचलली. छाटणी वेळेवर केली. मे महिन्यात पानं उलटी-सुलटी करून तिला दाखवली. कुठेही ठिपका नव्हता.

ती बराच वेळ बघत राहिली. मग असं हसली की माझा ऊर भरून आला.

"शाबास, स्पास. मला केवढी काळजी असायची. आता जूनमध्ये धावत यायला नको. म्हातारीची मुलगी तेव्हा फिरायला जायचं म्हणतेय, मी म्हातारीजवळ थांबते म्हणून तिला सांगते. सप्टेंबरमध्ये येईन."

"पण गुलाब वाट बघतील," मी म्हणालो.

"त्यांना काय झालंय? ठणठणीत आहेत."

गुलाबांच्या बाबतीत ते खरंच होतं.