दत्ताबाबांचं पाणी

आमचे शेजारी दत्ताबाब कुणाच्याही घरी गेले की पायरीवर चपला काढतात, पुढच्या ओसरीवर, म्हणजे आमच्या भाषेत बाल्कांवात, चढतात आणि पहिल्यांदा तिथल्या कुंडीत उजव्या हाताचं बोट खुपसतात. चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. मग ते बोट डोळ्यांसमोर धरतात, अंगठ्याने चोळतात, मान हलवतात आणि त्यानंतर घरातल्या माणसांना विचारतात, "बरें मू?" कुंडीची प्रकृती आधी, यजमानांची नंतर. दत्ताबाब येताना दिसले की आमच्या वाड्यावरच्या बायका कुंडीतलं जास्तीचं पाणी घाईघाईने ओतून टाकतात. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर आम्ही शिक्षक काय करतो, ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही.

दत्ताबाबांची सगळी नोकरी पाणीखात्यात वॉलमन म्हणून झाली. स्कूटरला हातभर लांब लोखंडी चावी बांधून पेडणे तालुका पालथा घालायचा, या गावचं पाणी सोडायचं, त्या गावचं बंद करायचं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल दिली आणि चावी परत घेतली. शाल अजून कपाटात आहे. चावीवाचून मात्र त्यांचे हात वळवळायला लागले.

त्याच सुमारास कुसुमवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, किडन्यांनी दगा दिला आणि आठवड्यातून तीनदा म्हापशाला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. वहिनी आत चार तास मशीनला. बाहेर हा माणूस चार तास बाकावर बसेल? ते गावभर भटकायला लागले आणि एका हॉटेलच्या मागच्या कचऱ्यात त्यांना फुलं झडलेली सहा ऑर्किडं सापडली. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा मागच्या सीटवर वहिनी आणि त्यांच्या मांडीवर सहा कुंड्या. "बघ गो बाय," वहिनी मला म्हणाल्या, "रक्त धुवन येतंय तवसर ह्यांनी माका सवती आणून ठेवल्यांनी. त्योय सा!"

आता सवतींची संख्या चाळिशीच्या पुढे गेली आहे. केरीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे वॉचमन मोसम संपला की त्यांना फोन करतात. ऑर्किड घरी आलं की आधी तपासणी. मुळं चंदेरी दिसली तर तहान लागली आहे. हिरवी असली तर पोट भरलंय. तपकिरी आणि बोटाखाली पिचपिचीत असली, तर उकळलेली कात्री येते, सडकं कापलं जातं, जखमेवर दालचिनीची पूड बसते आणि पेशंट कोळसा नि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत बसवला जातो. पाणी फक्त पावसाचं, फेणीच्या जुन्या काचेच्या बुधल्यांत साठवलेलं. "खात्याचां पाणी माणसांक बरां," ते सांगतात. "हेंका नाय चलना. तेच्यात औषद आसता." जन्मभर तालुक्याला जे पाणी पाजलं, ते त्यांच्या झाडांना चालत नाही!

प्रत्येक कुंडीला त्यांनी आपल्या जुन्या गावांची नावं दिली आहेत. केरी, चोपडे, कोरगाव, पालये. पाण्याचे वारही ठरलेले. एकदा आज कुणाचा वार, म्हणून वहिनींनी आतून विचारलं आणि हे बाल्कांवातून ओरडले, "केरीक आज पाणी नाय! परवां बगूया!" नेमका तेव्हा केरीचा एक माणूस रस्त्याने चालला होता. त्याने जागच्या जागी घरी फोन लावला. त्या दिवशी केरीत घागरी, बादल्या, डबे, सगळं भरून ठेवलं गेलं, आणि पाणी आपलं नेहमीसारखं येतच राहिलं.

माझ्या भाच्याचं लग्न डिचोलीला झालं. दत्ताबाब आहेर द्यायला स्टेजवर चढले ते उतरेचनात. खुर्च्यांच्या मागे सजावटीच्या कुंड्या होत्या. पुढे नवरानवरी हसताहेत आणि मागे वाकलेल्या दत्ताबाबांची पाठ, असे एकूण अकरा फोटो अल्बममध्ये आहेत. लोक लग्नातून नारळ घेऊन निघाले, हे दोन कुंड्या घेऊन निघाले. वर मंडपवाल्याला दम, "मेल्या, रोज पाणी घालतंस? तान लागूं दी तेंका!"

'तान लागूं दी.' हे त्यांचं पालुपद. तहान लागल्याशिवाय पाणी देणं म्हणजे बुडवणं, असं त्यांचं ठाम मत.

या माणसाची एकच गोष्ट आम्हाला खटकायची. ते कुणाच्या घरी घोटभर पाणी घेत नसत. चहा नाही, सरबत नाही, सोलकढीसुद्धा नाही. माझ्या सासूबाई म्हणजे आल्यागेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय दारातून न सोडणारी बाई. त्यांना हे फार लागायचं. "आमच्या घरचां पाणीय चलना तेका? एवढो कसलो मोठो?" मी त्यांना हसत हसत सांगायची, "आई, जन्मभर पाणीखात्यात होते ते. पाण्यात काय असतं ते त्यांनाच माहीत!" आमच्या वाड्यावर हा विनोद चांगला चालायचा.

यंदा शिमग्याला माझे यजमान बोटीवर परत जाताना आईसाठी पांढऱ्या फुलांचं ऑर्किड ठेवून गेले. "चवथीक येतंय तेव्हा बघतंय हां, आई," असं सांगून. गणपतीत, म्हणजे आमच्या चवथीला, ते पुन्हा घरी येणार होते. झालं! सासूबाईंनी ते तुळशीशेजारी मांडलं आणि रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला एक तांब्या, लेकाच्या झाडाला एक तांब्या. शिवाय हळदकुंकू. मे उजाडेपर्यंत फुलं गळली, पानं लोंबली. सासूबाई घाबरून दोन तांबे घालायला लागल्या. झाडाला काही झालं म्हणजे बोटीवरच्या लेकाला काही होणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण जेवण कमी झालं.

मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि कुंडीत बर्फाचे तीन खडे ठेवले. नेमके तेव्हाच दत्ताबाब आले. बोट खुपसलं आणि किंचाळले. "बर्फ? तां काय सरबत आसा गो? ह्यां झाड गरम रानातलां!" मग सासूबाईंकडे वळून आवाज खाली आणून म्हणाले, "काकी, तुळस वेगळी. ह्यां दुसऱ्या झाडार ऱ्हवणारां. पाय भिजवन बसाक तेका आवडना. माझ्याकडे दी."

सासूबाईंनी कुंडी दिली, पण हात सोडायला वेळ लावला. "चवथीपर्यंत जगतलां मां ह्यां, दत्ता?"

"बगूया," दत्ताबाब म्हणाले. तालुक्यातली गावं संपली होती, म्हणून आमच्या ऑर्किडचं नाव वाळपई पडलं.

श्रावणात एका सकाळी मी वाळपईची खबर घ्यायला गेले. बाल्कांवात वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. दत्ताबाब एकेक कुंडी पावसाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवत होते, दहा मिनिटांनी काढून निथळवत होते, पानांच्या बेचक्यात अडकलेला थेंब कापसाने टिपत होते. आमच्या झाडाची तीन मुळं उरली होती, पण एकाचं टोक हिरवंगार. मी आनंदाने टाळीच वाजवली.

"तेंका धा धा मिन्टां न्हाणयता," वहिनी म्हणाल्या, "आनी माका बघ." त्यांनी स्टीलचा पेला दाखवला. आतून खिळ्याने तीन रेघा ओढलेल्या. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. "अख्ख्या तालुक्याक पाणी पाजणारो घोव, आनी माका रेघेन दिता!" आणि त्या खो खो हसल्या.

दत्ताबाबांनी हात पुसले. बाटलीतून पहिल्या रेघेपर्यंत पाणी ओतून पेला वहिनींना दिला. मग खिडकीतून दुसरा पेला घेतला. त्यालाही तशाच रेघा. त्यातही तेवढंच ओतलं आणि स्वतः प्याले.

"तुम्हाला कशाला मोजून?" मी विचारलं.

"खुळ लागलांहा तेका," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरान सांगल्यान माका, पाळता ह्यो. डॉक्टर तेकाय रागावलो. चार वर्सां जाली. कोणागेर चाय नाय, पाणी नाय." त्यांनी वाटीतला बर्फाचा छोटा खडा तोंडात टाकला. "घोट गेलो काय गेलो. ह्यो घटकाभर ऱ्हवता."

दत्ताबाबांनी चोपडे नावाच्या कुंडीत बोट खुपसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तान सगळ्यांकच लागता गो. एकट्यान काडूक जड जाता."

मला माझ्या त्या विनोदाची भयंकर लाज वाटली. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नुसतं गुळाच्या डब्याचं झाकण लावलं आणि आत गेल्या.

चवथीला यजमान आले. वाळपई आदल्या दिवशीच घरी आलं होतं, एक नवं पान आणि दोन हिरवी मुळं घेऊन. "फुलां खंय गे, आई?" त्यांनी विचारलं.

"तान लागूं दी तेका," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

संध्याकाळी दत्ताबाब आणि वहिनी गणपतीला आले. दत्ताबाबांनी कुंडीत बोट घातलं, मान हलवली, "बरें मू?" विचारलं. सासूबाई आत गेल्या. त्या आता गूळपाणी घेऊन येणार म्हणून माझा जीव वरखाली. त्या आल्या त्या एक बशी घेऊन. बशीत बर्फाचे दोन छोटे खडे.

"दोगांक एकेक," त्या म्हणाल्या. "देवाच्या घरचां आसा. तुमच्या रेघेत धरा, पण नाय म्हणूं नकात."

दत्ताबाबांनी एक खडा उचलून वहिनींना दिला, दुसरा स्वतः घेतला. आमच्या घरी त्यांनी चार वर्षांत घेतलेलं हे पहिलं पाणी. तेवढ्यात आरती सुरू झाली. सगळं घर गात होतं, आणि गाल फुगवून बसलेली ती दोघं तोंड मिटून नुसत्या टाळ्या वाजवत होती.