पेटी भरली, पट्टा थांबेना

मायक्रोप्रोसेसर शिकवणारा माझ्यासारखा मास्तर अख्ख्या अमरावतीत शोधून सापडायचा नाही! हे माझंच मत आहे, पण ठाम आहे. म्हणून वरूडहून सासऱ्यांचा, वामनरावांचा, फोन आला तेव्हा मी रुबाबात म्हणालो, "एवढंच ना? आलोच!"

त्यांच्या शेडमधल्या संत्री वाहून नेणाऱ्या पट्ट्याचं कंट्रोल जळालं होतं. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार, आणि ट्रक तर दारात उभा. माल दुपारपर्यंत निघाला नाही तर व्यापारी सौदा मोडणार होता.

मी कॉलेजचं जुनं मायक्रोप्रोसेसर किट उचललं, बायकोला, आचलला, गाडीत बसवलं आणि निघालो. काम साधं होतं. किटने सिरियल पोर्टवरून, म्हणजे निरोप ये-जा करायच्या जोडणीवरून, मोटारीला सांगायचं, 'चाल.' संत्री पेटीत पडणार. पेटी भरली की तिच्याखालचा वजनकाटा त्याच पोर्टवरून किटला कळवणार, 'भरली.' मग किट मोटारीला म्हणणार, 'थांब.' हे तर माझी वर्गातली पोरं झोपेतही करतात!

सासूबाई, पंचफुलाबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. मोटारीला, पट्ट्याला, काट्याला कुंकू लागलं. हात किटकडे वळला तसा मी ओरडलोच, "याला नको! आत शॉर्ट होईल!"

"बरं बापा," म्हणत त्यांनी नारळ फोडला आणि सगळ्यांना बजावलं, "आता पयली गाडी भरल्याबिगर पूजेच्या मशीनचा खटका कोनी पाडाचा नाही. अपशकुन होते!"

मी बटण दाबलं. पट्टा सुरू! टाळ्या! पेटी भरली. पट्टा चालूच! संत्री पेटीबाहेर उड्या मारायला लागली.

"जावाईबापू, काहून थांबून नाही राहिला हा?" वामनराव.

"थांबेल, थांबेल!"

कसला थांबतो! मी रीसेट दाबलं. पट्टा क्षणभर थबकला, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू झाला आणि पट्टा पुन्हा धावायला लागला.

"भाऊ, मेन पाडू का?" ट्रक ड्रायव्हर नईमभाईंनी विचारलं.

"हात तं लावून पाहा!" सासूबाई गरजल्या.

आचल जवळ आली. "अवो, माह्यं आयका ना..."

"थांब गं! काट्यात दोष आहे!"

काटा बदलला. वायर बदलली. पट्टा चालूच!

"अवो, मी काय म्हणून राहिली..."

"आचल, आत्ता नको!"

संत्री आता पायाखाली, टेबलाखाली, माझ्या बुटांत! नईमभाई घसरून थेट क्रेटमध्ये बसले. वामनराव धोतराच्या ओच्यात संत्री झेलत होते. "पेट्या आना! पेट्या!" सासूबाईंची आरोळी ऐकून शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. मग कोणी भरतंय, कोणी झाकण ठोकतंय, कोणी ट्रकवर चढवतंय. लग्नाच्या पंगतीलाही एवढी घाई नसते!

आणि काय सांगू, दुपार व्हायच्या आत गाडी भरली! सासूबाईंनी स्वतः जाऊन खटका पाडला. पट्टा थांबला. मी तिथेच उपड्या क्रेटवर बसलो. जिवात जीव आला हो!

वामनरावांनी पाठीवर थाप मारली. "एवढ्या लवकर गाडी कधीच नोती भरली! कंपनीची मशीन घडीघडी थांबे. हे असंच राहू द्या!"

मी कसनुसा हसलो आणि लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला. पोर्टच्या चिपमध्ये एक कमांड रजिस्टर असतं. त्यात आठ बिटं, म्हणजे आठ खटकेच समजा. एक चालू केला की पोर्ट बोलतं, दुसरा चालू केला की ऐकतं. मी बोलायचा तेवढा चालू केला होता. काटा बिचारा सकाळपासून 'भरली, भरली' म्हणून कंठशोष करत होता, आणि किटला ऐकूच येत नव्हतं!

मी हळूच आचलला विचारलं, "तू काय सांगत होतीस?"

"हेच, का तुमच्या खोक्याले कुठी कुंकू लागलं होतं? त्याचीच पिन उपसली असती तं पट्टा थांबला नसता का?"

किटमधला ऐकायचा खटका मी तिथल्या तिथे चालू केला. एक बिट तर बदलायचं होतं. माझा ऐकायचा खटका कुठे असतो, ते आचल लग्नापासून शोधते आहे.