लाल ट्रेचा इलाज

ताईंचं म्हणणं एकच होतं: न जेवणारा माणूस जगात नसतोच, असतो तो नीट न भरवणारा माणूस! वृद्धाश्रमाचं जेवणघर हाती येऊन त्यांना महिना झाला होता. तेवढ्यात त्यांनी हे वाक्य सोळाही रहिवाशांना ऐकवलं होतं, स्वयंपाकीणमावशींना रोज ऐकवत होत्या, आणि फोन दुरुस्त करायला आलेला माणूसही त्यातून सुटला नव्हता.

अडचण एवढीच, की याच महिन्यात घड्याळकाकांचं वजन तीन किलोंनी उतरलं होतं. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. बोलणं हळू, चालणं हळू, जेवणं तर त्याहून हळू. मुळातच काडीपैलवान, त्यात तीन किलो! डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढला.

"शुक्रवारी पुन्हा वजन करू. आणखी उतरलं तर इस्पितळात हलवावं लागेल. नळीनं अन्न द्यावं लागेल."

काका नुसते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ते पाहून ताई घाबरल्या. आणि घाबरल्या की ताईंचा आवाज चढतो!

"नळी? माझ्या जेवणघरातल्या माणसाला? शुक्रवारी काका वर गेलेले असतील. वजनानं हो! लिहून घ्या!"

इलाज तयारच होता. ज्याला जेवायला मदत लागते त्याचा ट्रे लाल. लाल ट्रेसमोर कुणीतरी बसायचंच, शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा आणि पेला संपला की तक्त्यावर खूण करायची. मावशींनी सूपमध्ये साय घातली, कुस्करलेल्या बटाट्यात लोणी. आजवर ताई काकांजवळ फक्त दुपारी बसायच्या, त्या सोमवारपासून तिन्ही वेळा बसू लागल्या.

"काका, सूप कसं झालंय?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "छान आहे."

"गरम आहे ना? मीठ बरोबर? आणि तुमच्या दुकानात सगळ्यात जुनं घड्याळ कुठलं हो होतं?"

काकांनी पुन्हा उचललेला चमचा पुन्हा ठेवला आणि सांगू लागले. ताई खूश! माणूस खुलतोय, म्हणजे अंगी लागतंय.

शेजारच्या टेबलावरून हेडबाई हे सगळं बघत होत्या. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. अन्याय त्यांना लांबून दिसायचा.

"आमच्याजवळ कुणी बसत नाही ते?"

"अहो, तुम्ही छान जेवता की!"

"असं होय?" हेडबाईंनी ताट पुढं सरकवलं. "मग आजपासून नाही जेवत."

झालं! मंगळवारी चौघांची भूक गेली. बुधवारी अकरा जणांची! कुणाला भरवायला हवं, कुणाला गप्पा हव्या. लाल ट्रे संपले, म्हणून साध्या ट्रेंना लाल फडकी बांधली. रिकामी ताटं परत येण्याची सवय असलेल्या मावशींनी अकरा भरलेली ताटं पाहिली आणि डाव आपटला.

"माझ्या हाताची चव गेली म्हणा की सरळ!"

आणि स्वयंपाक उरकला की त्या कोठीघरात जाऊन आतून कडी लावून बसू लागल्या. आता वाढायच्या ताई, भरवायच्या ताई, पाणी पाजायच्याही ताईच! एक घास इथं, एक घोट तिथं. धावपळीत सगळ्या खुणा एकाच ओळीत पडल्या. तक्ता खरा मानला तर खिडकीजवळच्या आजी दुपारपर्यंत एकोणीस पेले पाणी प्यायल्या होत्या.

या धांदलीत काकांजवळ बसणार कोण? ताईंनी त्यांचा ट्रे उचलून हेडबाईंच्या टेबलावर ठेवला.

"हेडबाई, तुम्ही काकांकडे बघा. काका, तुम्ही हेडबाईंकडे. मी आलेच!"

आणि ताईंना शुक्रवारपर्यंत काही तिकडं फिरकता आलं नाही.

शुक्रवारी काका काट्यावर चढले, तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले होते. इस्पितळात जाताना काकांबरोबर काय काय द्यायचं याची यादीसुद्धा मनात झाली होती.

"सहाशे ग्रॅम वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईंचे डोळे उघडले, पाठोपाठ तोंड उघडलं. "मी म्हटलं नव्हतं? शेजारी बसावं, आपुलकीनं चार शब्द बोलावेत—"

"काका, तुम्ही सांगा. कशानं जमलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काका नेहमीप्रमाणे हळूहळू सांगू लागले. "हेडबाई जेवताना बोलत नाहीत. मलाही बोलू देत नाहीत." ते जरा संकोचले. "ताई प्रेमानं विचारायच्या हो. पण तोंडात घास घेऊन उत्तर देणं बरं दिसत नाही. म्हणून आधी उत्तर द्यायचो. ते संपलं की पुढचा प्रश्न. मग ताट उचलायची वेळ व्हायची."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वेळी, नळी टळली म्हणून इतकं हायसंही वाटलं, की रडावं की हसावं कळेना.

"जेवण झाल्यावर याल का?" काका हळूच म्हणाले. "जुन्या घड्याळाची गोष्ट अर्धीच राहिलीय."

डॉक्टरीणबाईंनी सूचना लिहून दिली: लाल ट्रे चालू ठेवावा, समोर कुणीही बसावं, ताई सोडून. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर ताईंनाच चिकटवावी लागली. कोठीघरातून बाहेर आलेल्या मावशींनी चष्मा सापडत नाही म्हणून ती ताईंकडून मोठ्यानं वाचून घेतली. दोनदा! चष्मा मावशींच्या डोक्यावरच होता.